अस्वलाची वेळ आणि माणसाची वेळ



एकशेचारावे स्तोत्र आपल्या उपासनेत पुष्कळदा वाचले जाते. त्यातील झरे, डोंगर, गवत व भाकर यांविषयीची वचने कित्येकांना तोंडपाठ आहेत. परंतु २० ते २३ या चार वचनांवरून आपण बहुधा भरभर पुढे जातो. स्तोत्रकर्ता तेथे सांगतो की, अंधार पाडणारा देवच आहे. रात्र झाली म्हणजे रानातील पशू बाहेर पडतात. सिंहाचे छावेदेखील आपले अन्न देवाजवळच मागतात. सूर्य उगवला म्हणजे ते माघारी फिरतात व आपापल्या गुहांत जाऊन पडतात. मग माणूस आपल्या कामाला निघतो आणि संध्याकाळपर्यंत श्रम करतो.

शहरात राहणाऱ्याला हे केवळ सुंदर काव्य वाटेल. पण ज्याच्या शेताच्या बांधाला रान लागून आहे त्याने ही वचने पुन्हा वाचावी, म्हणजे त्याला त्यात एक वेळापत्रक दिसेल. एकच रान, पण पाळ्या दोन; आणि दोन्ही पाळ्या लावून देणारा धनी एकच.

या महिन्यात आपण या वेळापत्रकाचा विचार आदिलाबाद जिल्ह्यातील बाजारहत्नूरच्या परिसराला धरून करू. हा मुलूख एके काळी हैदराबाद राज्यात होता, १९५६ साली आंध्र प्रदेशात गेला व २०१४ पासून तेलंगणात आहे. राज्ये बदलली, तरी तेथे मराठी, गोंडी व तेलुगू या भाषा आजही एकाच बाजारात कानी पडतात. भोवती साग, मोह व टेंभुर्णीचे रान आहे. गिरनूर गावाजवळ कनकाईचा धबधबा आहे. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातच कवाल हे अभयारण्य असून त्याला २०१२ साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरचे अभयारण्य लागते. या सगळ्या पट्ट्यात वाघाचे नाव मोठे. पण पहाटे टोपली घेऊन रानात निघालेल्या बाईला वाघापेक्षा अधिक धास्ती असते ती अस्वलाची.

ही धास्ती खोटी नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. १९८९ ते १९९४ या पाच वर्षांत त्या वेळच्या अखंड मध्य प्रदेशात अस्वलांनी ७३५ माणसांवर हल्ले केले व त्यांतील ४८ माणसे दगावली, अशी नोंद अभ्यासकांनी करून ठेवली आहे. जे वाचले त्यांतील कित्येकांचे डोळे गेले, कित्येकांचे चेहरे कायमचे विद्रूप झाले. अस्वलाचा पंजा बहुधा माणसाच्या तोंडावर व डोक्यावरच पडतो. ज्या घरातील कर्ता माणूस असा जायबंदी होऊन खाटेवर पडला आहे, त्या घरी जाऊन वन्य पशूंवर प्रीती करा असा उपदेश करणे सोपे नाही. पवित्र शास्त्रही तसा वरवरचा उपदेश करीत नाही. दाविदाने आपल्या बापाच्या मेंढरांवर आलेल्या अस्वलाचा पाठलाग केला, त्याच्या तोंडातून कोकरू सोडवले, आणि ते उलटून अंगावर आले तेव्हा त्याला ठार केले, हे पहिल्या शमुवेलाच्या सतराव्या अध्यायात लिहिले आहे. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दाविद अस्वलाच्या शिकारीला निघाला नव्हता. तो कोकराच्या रक्षणासाठी धावला होता. त्याचा पराक्रम मेंढपाळाचा होता, शिकाऱ्याचा नव्हे.

ज्याच्याविषयी एवढी धास्ती वाटते तो प्राणी आहे तरी कसा? आपल्या अस्वलाची गोष्ट फार मौजेची आहे. १७९१ साली जॉर्ज शॉ नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. लांब वाकड्या नख्या आणि दातांची विचित्र ठेवण पाहून त्याने या प्राण्याची गणना अस्वलांत न करता दक्षिण अमेरिकेतील, झाडाला उलटे लोंबकळणाऱ्या ‘स्लॉथ’ नावाच्या मंद प्राण्याच्या कुळात केली. पुढे ही चूक उमगली. पण इंग्रजीत त्याचे नाव आजही ‘स्लॉथ बेअर’ असेच राहिले आहे. ज्या नख्या पाहून शास्त्रज्ञ फसला त्या नख्या कशासाठी आहेत, हे त्याला ठाऊक नव्हते. त्या आहेत वारूळ फोडण्यासाठी. उन्हाने दगडासारखे झालेले वारूळ हे अस्वल उकरते, नाकपुड्या मिटून घेते, ओठांची नळी करते, आतली माती फुंकून उडवते आणि वाळवी जोराने ओढून घेते. वरच्या जबड्यातील मधले दोन दात त्याला नसतातच. त्या फटीतून वाळवी सरळ तोंडात जाते. हा आवाज शंभर मीटरांवरूनही ऐकू येतो. जी उणीव वाटली ती निर्माणकर्त्याची योजना होती!

वाळवी व मुंग्या यांखेरीज मध, बोरे, जांभळे, उंबरे, टेंभुर्णीची फळे, बहाव्याच्या शेंगा आणि मोहाची फुले हे त्याचे अन्न. फळांबरोबर गिळलेल्या बिया त्याच्या विष्ठेतून दूरवर पडतात व रुजतात. म्हणजे ज्या रानातून आपण टेंभरे व जांभळे आणतो त्या रानाची पेरणी करणाऱ्यांत अस्वलही एक आहे. त्याला मजुरी कोणी दिलेली नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देवाने पृथ्वीवरील पशूंना हिरवी वनस्पती अन्न म्हणून दिली, तीच त्याची मजुरी.

अस्वलाची मादी साधारणतः नोव्हेंबर ते जानेवारीच्या सुमारास गुहेत एक किंवा दोन, क्वचित तीन पिले देते. ती जन्मतः आंधळी असतात. दोन-तीन महिन्यांनी आई त्यांना बाहेर आणते, ती आपल्या पाठीवर बसवून. तिच्या पाठीवरचे लांब केस धरून पिले कित्येक महिने अशीच फिरतात, आणि सुमारे दोन वर्षांची होईपर्यंत तिला सोडीत नाहीत. आता हिशेब करून पाहा. जानेवारीत जन्मलेली पिले पाठीवर घेऊन आई रानात हिंडू लागते, तोच मार्च-एप्रिलात मोह फुलतो. फुले रात्री गळू लागतात व पहाटे झाडाखाली त्यांचा सडा पडतो. त्याच पहाटे, त्याच झाडाखाली, आपल्या गावची बाई टोपली घेऊन पोहोचते. अस्वलाचे नाक तीक्ष्ण आहे, पण नजर व कान मंद. खाण्यात गुंग असलेल्या अस्वलाला माणूस अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही. आणि कळते तेव्हा पळून जाण्याइतके अंतर उरलेले नसते. वाघ-बिबट्यांच्या सोबतीने राहणाऱ्या या प्राण्याला झाडावर चढून पिले वाचवता येत नाहीत, कारण बिबट्याही झाडावर चढतो. म्हणून उभे राहून लढणे हाच त्याचा स्वभाव बनला, असे जाणत्यांचे मत आहे.

पवित्र शास्त्राला हा स्वभाव पूर्ण ठाऊक आहे. पिले हिरावून नेलेल्या अस्वलीचा उल्लेख शास्त्रात एकदा नव्हे, तीनदा येतो: दुसऱ्या शमुवेलाच्या सतराव्या अध्यायात हूशयाच्या तोंडी, नीतिसूत्रांच्या सतराव्या अध्यायात, आणि होशेयाच्या तेराव्या अध्यायात. होशेयाचे वचन तर आपल्याला थक्क करणारे आहे. आपल्या लोकांनी पाठ फिरविल्यामुळे होणारा आपला संताप सांगताना परमेश्वर स्वतःला या अस्वलीची उपमा देतो! देवाने क्रूर राक्षसाची उपमा घेतली नाही. लेकरे गमावलेल्या आईची घेतली. शास्त्रात अस्वलीचा राग हा मूळचा दुष्टपणा नाही. त्या रागाच्या मुळाशी ममता आहे.

आणि पिले हिरावून नेणे ही तर आपल्याकडे रीतच होऊन बसली होती. वडीलधाऱ्यांना दरवेशी आठवत असेल. तो डमरू वाजवीत गल्लीत येई. अस्वल दोन पायांवर नाचे. आयाबाया पोराला नजर लागू नये म्हणून अस्वलाच्या केसाचा ताईत विकत घेत. आपण टाळ्या वाजविल्या. पण ते पिलू दरवेशाच्या हाती आले कसे? बहुधा आईला मारून. मग त्याच्या कोवळ्या नाकातून तापलेली सळई आरपार घालून दोर ओवला जाई व दात पाडले जात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या प्रकाराला बंदी केली, तरी तो पुष्कळ वर्षे चालू राहिला. पुढे काही संस्थांनी व वनखात्याने मिळून ही अस्वले सोडविली. आग्र्याजवळ सूरसरोवर अभयारण्यात त्यांच्यासाठी आश्रयस्थान उभे राहिले. दरवेशाचा धंदा करणाऱ्या कलंदर कुटुंबांना दुसरा रोजगार मिळावा, त्यांची मुले शाळेत जावी, यासाठीही या कार्यात साहाय्य दिले गेले. २००९ साली देशातील अखेरचे समजले गेलेले नाचविले जाणारे अस्वल मुक्त झाले. बांधलेल्याबरोबर बांधणाऱ्यालाही मोकळे करावे, ही या कार्यातील गोष्ट सुवार्तेच्या लोकांनी विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आता थोडे आपल्या देशाबाहेर पाहू. दाविदाने मारलेले अस्वल आपल्या अस्वलाच्या जातीचे नव्हते. ते होते तपकिरी अस्वल. आणि उत्तर अमेरिकेतील प्रसिद्ध ‘ग्रिझली’ हे त्याच तपकिरी जातीचे भावंड आहे. १८१५ साली ग्रिझलीला जे शास्त्रीय नाव मिळाले त्याचा अर्थच ‘भयंकर’ असा होतो. एकदा भयंकर हे नाव पडले की मारणाऱ्याला कारण लागत नाही. अलास्का सोडून उरलेल्या अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ग्रिझली सुमारे ५० हजार असावेत. १९७५ पर्यंत ते हजाराच्याही खाली आले. कॅलिफोर्निया राज्याच्या झेंड्यावर ग्रिझलीचे चित्र आहे, पण त्या राज्यातला शेवटचा ग्रिझली १९२० च्या दशकातच संपला. दाविदाच्या देशातील अस्वलेही विसाव्या शतकात नाहीशी झाली. आज बेथलेहेमच्या मेंढपाळाला अस्वलाशी झुंजण्याची पाळी येणार नाही. पण तेथील मुलांना ती कथा सांगताना आता चित्रच दाखवावे लागते.

ग्रिझली थंड देशातला. तो वर्षातले पाच ते सात महिने बिळात निजून काढतो, आणि मादी त्या बिळातच, ऐन हिवाळ्यात, अवघ्या अर्ध्या किलोच्या पिलांना जन्म देते. ती पाच-सहा वर्षांची झाल्याशिवाय तिला बहुधा पिले होत नाहीत, आणि पुढेही साधारण तीन वर्षांतून एकदाच होतात. म्हणून एक मादी मारली गेली तर ती उणीव भरून यायला वर्षानुवर्षे लागतात. १९७५ साली तेथील सरकारने ग्रिझलीला कायद्याचे संरक्षण दिले, तेव्हा जाणत्यांनी सर्वांत अधिक लक्ष दिले ते माद्या जगविण्याकडे. दुसरे काम उकिरड्यांचे. यलोस्टोन या १८७२ साली स्थापन झालेल्या उद्यानात अस्वले उकिरड्यावरचे उष्टे खायला सोकावली होती, व प्रवासी ते पाहायला जमत. १९७० च्या सुमारास हे उकिरडे बंद झाले. आरंभी फार अस्वले मेली; सवय सुटेना म्हणून ती वस्तीत शिरत व मारली जात. परंतु उष्टे अन्न अस्वलाला लागू द्यायचे नाही, हा नियम लोकांनी नेटाने पाळला. यलोस्टोनच्या परिसरात एके काळी दीडशेच्याही आत उरलेले ग्रिझली आज हजाराच्या आसपास आहेत.

माद्या जगवा, हे शास्त्रज्ञांना विसाव्या शतकात कळले. पण अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायातील सहावे व सातवे वचन उघडून पाहा. वाटेत पाखराचे घरटे आढळले व आई पिलांवर बसलेली असली, तर तिला पिलांसह धरू नये. आईला अवश्य सोडून द्यावे, म्हणजे तुझे कल्याण होईल व तू चिरकाळ जगशील, असा त्या आज्ञेचा आशय आहे. आईबापांचा मान राख या आज्ञेबरोबर जे अभिवचन आहे, तेच अभिवचन देवाने एका पाखराच्या आईसाठीही जोडून दिले! जो देव घरट्यातील आईची एवढी काळजी करतो, त्याला पाठीवर पिले घेऊन मोहाखाली आलेल्या अस्वलीची काळजी नसेल काय? आणि टोपली घेऊन आलेल्या, घरी लेकरे निजवून आलेल्या आईची तर किती असेल! पहाटेच्या अंधारात या दोन आया समोरासमोर येतात, हेच या साऱ्या प्रश्नाचे मूळ आहे.

तर मग आपण काय करावे? स्तोत्रकर्त्याचे वेळापत्रक पाळावे. सूर्य उगवल्यावर माणूस कामाला निघतो, असे ते वचन आहे. मोह वेचायला उजाडल्यावरच जावे, एकट्याने न जाता चौघी-पाचजणींनी मिळून जावे, आणि मोठ्याने बोलत, गात जावे. आपण भक्तिगीते म्हणतच गेलो तर त्याहून बरे काय? अस्वलाला आपली चाहूल लांबूनच लागली तर ते बहुधा आपणच वाट सोडते. पिले दिसली तर कौतुकाने जवळ जाऊ नये. आई तेथेच असते. फुले नीट दिसावी म्हणून झाडाखालचा पाला पेटवून देण्याची रीत सोडावी. त्या आगीत उद्याची रोपे जातात, आणि अस्वलाचे रानातले अन्न कमी झाले की ते शेताकडे वळते. गावाच्या कडेला उष्टे व सडकी फळे टाकू नयेत.

यावर कोणी म्हणेल, “उजाडेपर्यंत थांबलो तर फुले दुसराच नेईल. पोटाला काय घालू?” हा प्रश्न खरा आहे, आणि एकट्याला थांबायला सांगून तो सुटणार नाही. म्हणून हे काम एकट्याचे नव्हे. सगळ्या गावाने मिळून ठरवावे की उजाडण्यापूर्वी कोणीच झाडाखाली जायचे नाही, म्हणजे कोणाचेच नुकसान होणार नाही. असा ठराव घडवून आणण्यात ख्रिस्ती माणसाने पुढाकार घ्यावा. शेजाऱ्यावर प्रीती करणे म्हणजे त्याच्या आजारात भाकर नेणे तर आहेच. पण त्याने निर्धास्तपणे उजाडेपर्यंत थांबावे म्हणून आपणही थांबणे, हीदेखील प्रीतीच आहे. आणि ज्या घरात हल्ल्याने कोणी जायबंदी झाला आहे, त्या घरी मंडळीने जावे, सरकारी भरपाईचे अर्ज भरायला मदत करावी, व ज्याचा चेहरा विद्रूप झाला आहे त्याला उपासनेत आपल्या शेजारी बसवावे. हे न करता अस्वलांचे रक्षण करा म्हणून सांगणे व्यर्थ आहे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक विनंती. दुसऱ्या राजांच्या दुसऱ्या अध्यायातील अलीशा व दोन अस्वली यांची कथा मुलांना धाक घालण्यासाठी सांगू नये. तिचा रोख देवाच्या संदेष्ट्याची केलेल्या कुचेष्टेकडे आहे. अस्वल हा वाईट प्राणी आहे, हे शिकविण्यासाठी ती लिहिलेली नाही. त्या कथेच्या जोडीला नोहाशी केलेला करार अवश्य शिकवावा. उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात देव तो करार नोहाशी, त्याच्या संतानाशी आणि तारवातून बाहेर आलेल्या प्रत्येक जिवंत प्राण्याशी करतो. मुलांना विचारावे, “त्या करारात अस्वल होते की नव्हते?” उत्तर ती स्वतःच देतील. आपले हे अस्वल भारत, श्रीलंका व आसपासच्या भागाखेरीज जगात कोठेही रानात आढळत नाही, आणि ती सारी मिळून २० हजारांहून कमी असावीत असा अंदाज आहे. २०२२ पासून १२ ऑक्टोबर हा दिवस याच अस्वलासाठी जगभर पाळला जातो. त्या आठवड्यातील पाठ या विषयावर घेता येईल.

शेवटी आपली आशा. यशयाने अकराव्या अध्यायात शांतीच्या राज्याचे चित्र काढले, तेव्हा त्यात गाय व अस्वल एकत्र चरताना दाखविली, आणि त्यांची पिले एकत्र निजलेली दाखविली. त्या चित्रात अस्वल नाहीसे झालेले नाही. वैर नाहीसे झाले आहे. आणि त्या राज्याचा राजा आपल्या कार्याच्या आरंभी चाळीस दिवस अरण्यात राहिला, तेव्हा तो वनपशूंबरोबर होता, असे मार्क एका लहानशा वाक्यात सांगतो. त्याने त्यांना हाकलले नाही, व त्यांनी त्याला इजा केली नाही. ते राज्य पूर्णपणे येईतोवर आपल्याला वेळेची मर्यादा पाळूनच शेजाराने राहायचे आहे.

हे निर्माणकर्त्या देवा, रात्रीचे रान तू ज्यांना दिलेस त्यांना ते सुखाने भोगू दे. दिवसाचे काम तू आम्हांला दिलेस, ते आम्ही तुझ्या उजेडात, एकमेकांच्या सोबतीने करावे असे कर. पहाटे रानाच्या वाटेवर निघणाऱ्या आमच्या मायबहिणींना सुखरूप घरी आण. आणि गुहेतल्या आईलाही तिच्या पिलांकडे सुखरूप जाऊ दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.